कुंपणावरचा तांबडा पंचा

कोकणात उकडते, तापत नाही, असे आम्ही किनाऱ्यावरची माणसे घाटावरच्या पाहुण्यांना मोठ्या विश्वासाने सांगत असतो. मीही सांगत असे. ज्याने सोळा वर्षे सकाळ-संध्याकाळ उष्णतेचे माप घेतले, त्याच्या सांगण्याला थोडे तरी वजन असावे अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. परंतु ज्या एका मार्चमध्ये आमचे बंदराचे गाव खरोखर तापले, त्या दिवसांतील उष्णता किती होती हे मला आजही नक्की सांगता येत नाही. या अंकासाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नकार दिला तो याच कारणाने.

मी नोकरीला उशिरा लागलो. संस्कृत आणि तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवली, पण चाळीस मुलांसमोर उभे राहून बोलण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. वडिलांच्या दीर्घ आजाराने घरी राहण्यास एक आदरणीय निमित्त दिले आणि ते निमित्त संपले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. बंदरावरील हवामान-केंद्रात निरीक्षक हवा होता. उपकरणांशी बोलावे लागत नाही, एवढी एकच गोष्ट ध्यानात घेऊन मी अर्ज केला.

केंद्र म्हणजे गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कडेला तारेच्या कुंपणातली एक खोली. बाहेर वारा दाखवणारा बाण, पाऊस मोजण्याचे भांडे आणि चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी. गावातले लोक याला ‘वाऱ्याचा हापिस’ म्हणत आणि मला ‘मास्तर’. मी मास्तर नव्हतो. परंतु चष्मा लावून वहीत लिहिणाऱ्याला दुसरे काय म्हणणार?

त्या पेटीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिच्या भिंती खिडकीच्या झडपांसारख्या फटींच्या असतात. आत वारा खेळतो, ऊन येत नाही. आत चार तापमापके. त्यांपैकी एकाच्या पाऱ्याभोवती मलमलीची चिंधी गुंडाळलेली असते आणि तिला जोडलेला दोरा पाण्याच्या कुपीत बुडालेला असतो. चिंधीतले पाणी सुकताना पारा थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितके पाणी लवकर सुकते आणि तितका हा ओला पारा कोरड्या पाऱ्याच्या खाली उतरतो. आमच्याकडची हवा मुळातच ओली. म्हणून दोन पाऱ्यांत फारसे अंतर पडत नाही. वाचन श्वास रोखून करावे लागते, आधी दशांश आणि मग पूर्ण अंश. कारण निरीक्षकाच्या अंगाच्या उबेनेही पारा हलतो. वाचलेला आकडा वहीत लिहायचा, पाच-पाच आकड्यांचे गट करून तारेने पाठवायचा. वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून वर दुरुस्ती करायची; रेघेखालचा आकडा वाचता आलाच पाहिजे.

अशा या कामात गिऱ्हाईक कुठले, असे कोणी विचारील. मलाही तसेच वाटले होते. पण जामसंड्याचे एक आंबा बागायतदार दर उन्हाळ्यात घाम पुसत सडा चढून येत आणि म्हणत, “मास्तर, आकडा जरा वाढवून लेखी द्या. फळ गळलं ते उन्हानं गळलं, हे व्यापाऱ्याला पटायला हवं.” उलट बाजारातले सोडावाले मला आकडा कमी सांगू नका म्हणून विनवीत, आणि कोळणी तो कमी करा म्हणून. माझ्या वहीत लिहिल्याने ऊन वाढते किंवा उतरते अशी अनेकांची प्रामाणिक समजूत होती. मी सर्वांना नम्रपणे, काहीशा अभिमानानेही, नाही म्हणत असे. एका दशांशाचाही फेरफार मी कोणाच्या सांगण्यावरून केला नाही. केला तो कोणीही सांगितलेले नसताना.

आता भागीआक्काविषयी सांगतो. भागीरथी तिचे नाव; वय त्या वेळी पंचावन्नच्या पुढे. सकाळी होड्या लागल्या की मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती केंद्राच्या कुंपणाजवळून सडा ओलांडी आणि तीन मैल आतल्या शेतकऱ्यांच्या वाडीत मासळी देऊन बदल्यात भात घेऊन दुपारी परते. तिच्यामागे आणखी सात-आठ जणी. पहिल्या वर्षी ती मला ‘तुमी’ म्हणाली, दुसऱ्या वर्षी ‘तू’, आणि त्यानंतर मला तिच्याशी बोलताना अडखळल्यासारखे झाले नाही.

“आज उन किती लिवलंस रे, मास्तरा?” ती कुंपणाबाहेरून विचारी.

“नव्वद, भागीआक्का. सावलीतले.”

“सावळेतला? तुझ्या पेटयेक सावळी आसा. माझ्या पाटयेक खंय आसा?”

पेटी सावलीत का ठेवतात हे मी तिला समजावले असते; परंतु तिची शंका माझ्या खुलाशापेक्षा मोठी होती.

तरीही त्या आकड्याचा तिने उपयोग करून घेतला. काही उन्हाळे निरखून तिने स्वतःचा हिशेब बसवला: सकाळी साडेआठला आकडा नव्वदीला टेकला, तर दुपारी कातळ चालवणार नाही, त्या दिवशी वाडीला जायचे नाही, मासळी गावच्या बाजारातच विकायची. मग खात्याने फॅरनहाइटचे माप सोडून सेल्सिअसचे धरले आणि सगळाच घोटाळा झाला.

“कितके?”

“पस्तीस. हा दुपारचा आहे, कालचा.”

“पस्तीस? आदी पंचाण्णव आनी आता पस्तीस? उन गेला खंय?”

मी मापे बदलल्याचे सांगितले. “तुमच्या सरकारान आकडो बदाललो,” ती म्हणाली. “माझे पाय तेच आसत. माका आकडो नको. तू एक कर. उन वायट आसात तेवा ह्या कुंपणार कायतरी लाव. आमका खालसून दिसात.”

मी सावंतवाडीच्या बाजारातून एक तांबडा पंचा आणला. सकाळच्या वाचनानंतर दिवस वाईट ठरणार असे वाटले की तो कुंपणाच्या समुद्राकडच्या खांबावर बांधायचा. हे कोणत्याही नियमात बसणारे नव्हते. सरकारी कुंपणावर पंचा वाळत घातला म्हणून कोणी विचारले तर काय सांगायचे, याची मी मनात अनेकदा तयारी केली. कोणी विचारले नाही. किनाऱ्यावरून बायका हात डोळ्यांवर धरून सड्याकडे पाहत आणि ठरवीत. माझ्या आयुष्यात माझ्या म्हणण्यावर कोणी काही ठरवावे, असे पूर्वी घडले नव्हते.

पुढच्याच उन्हाळ्यात, शिमग्याच्या पाठोपाठ, ते दिवस आले. आमच्याकडे रात्री व सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, आणि दहा-अकराच्या सुमारास उलटून समुद्रावरून येऊ लागतो. त्या उलटण्यावरच किनाऱ्याची दुपार निभावते. पहिल्या दिवशी तो दोन वाजता उलटला. दुसऱ्या दिवशी उलटलाच नाही. पूर्वेचा कोरडा वारा दिवसभर सुटला. नारळांच्या झावळ्या कागदासारख्या वाजू लागल्या, ओठ फुटले, कौले तडकल्याचे आवाज येत. गावात दुकानांना ओली पोती टांगली. शाळा दहाला सुटली. विहिरींवर बायकांची रांग सूर्य उगवण्याआधीच लागे. माझ्या पेटीत दोन पाऱ्यांमध्ये असे अंतर पडले की मला ते खोटे वाटले. मी चिंधी बदलली, कुपी धुतली, पुन्हा वाचले, अंतर तेवढेच.

दोन्ही दिवस पंचा खांबावर होता. बायका गेल्या नाहीत. पण गावच्या बाजारात सगळ्यांचीच मासळी एकदम आली आणि दुपारपर्यंत कुजली. “मास्तरान पंचो लावल्यान, सुंगटां कुजान गेली,” असे दुसऱ्या संध्याकाळी तार देण्यास जाताना मी माझ्या कानांनी ऐकले. डाकघरात माझ्यासाठी उलट तार येऊन पडली होती. आमच्या वरच्या कार्यालयाची. आकडे संशयास्पद, उपकरणे तपासून खुलासा पाठवा.

त्या तारेचा माझ्यावर काय परिणाम झाला हे समजण्यास माझ्या स्वभावाची माणसेच हवीत. दोन पारे एक गोष्ट सांगत होते, माझी कातडी तीच सांगत होती. परंतु दूर बसलेल्या कोणा विद्वानाने शंका घेतली आणि मला वाटले, माझेच काही चुकले असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडण्यापूर्वी मी भोवताली पाहिले, आणि चूक मला सापडली. निदान सापडली असे वाटले. कुंपणाच्या पूर्वेला गणू नावाच्या शेतकऱ्याचा सखल कोपरा होता. पावसाळ्यात भाताचा तरवा पेरण्यापूर्वी आमच्याकडे जमीन भाजतात: फांद्या, पातेरा, शेण पसरून पेटवायचे आणि राख मातीत मिसळू द्यायची. गणूने आदल्या दिवशी ती भाजवळ लावली होती. तिथून धूर येत होता, आणि वारा तिथूनच सरळ माझ्या पेटीवर येत होता. मग पारा चढणार नाही तर काय? मला जवळजवळ आनंद झाला. वाचन केले, आकडा आदल्या दिवसापेक्षाही वर. मी तो वहीत लिहिला, क्षणभर पाहिला, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि दोन अंश कमी करून वर लिहिला. दोनच का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही. मग तारेचा मजकूर तयार केला: जवळच्या आगीमुळे चूक संभवते, दुरुस्ती केली आहे.

पंचा माझ्या हातात होता. आकडा दुरुस्त केल्यावर पंचा लावणे म्हणजे स्वतःलाच खोटे पाडणे. मी त्याची नीट घडी केली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

थोड्या वेळाने कुंपणाबाहेर पाट्या आल्या. भागीआक्का पुढे होती.

“काय रे, मास्तरा? आज निवला मां?”

“आकडा उतरला आहे,” मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर असंख्य वेळा तपासले. त्यात असत्य एकही नाही. आकडा उतरला होता. मीच उतरवला होता.

“उतारलो तर बरा,” ती हसली. “तुझ्या पंच्यापायी दोन दिस आमी म्हावऱ्याक मीठ लावीत बसलंव.” आणि त्या गेल्या.

दुपारी साडेबाराच्या सुमारास गणू धावत आला. वाडीहून परतताना इतर बायका वाटेतल्या आंबराईत थांबल्या होत्या. भागीआक्का ‘माका पाणी घराकच होया’ म्हणून एकटी पुढे निघाली आणि कातळाच्या मध्यावर पडली. गणूने तिला पाहिले, घोंगडीची झोळी करून भावाच्या मदतीने केंद्राच्या ओसरीवर आणून ठेवले. सावली तेवढीच जवळ होती. तिचे अंग कोरडे आणि तव्यासारखे तापलेले होते. घामाचा थेंब नव्हता. ती बडबडत होती, पण आम्हांला उद्देशून नव्हे. दवाखान्याचे डॉक्टर सावंतवाडीला गेलेले होते आणि बर्फ तर आमच्या गावाने त्या काळी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मला आजही नवल वाटते की त्या वेळी माझी जीभ अडखळली नाही. कदाचित ती पेटीतली चिंधी मला आठवली असेल. हवा इतकी कोरडी असताना ओली चिंधी पाऱ्याला किती खाली नेते हे मी दोन दिवस पाहत होतो. तेच या बाईच्या अंगाला का लागू होऊ नये?

“गणू, कळशी ओत. सगळी. भावाला विहिरीवर पाठव,” मी ओरडलो. खणातला पंचा काढला, भिजवला, तिच्या डोक्या-छातीवर पसरला. माझे धोतर, चादर, जे सापडले ते भिजवून तिच्या पायांवर घातले. तिला ओसरीच्या पूर्वेच्या कडेला सरकवले, जिथे तो वैरी वारा सरळ येत होता. गणू झावळीने वारा घालीत राहिला. कापड सुकले की पुन्हा पाणी. पेटीतल्या कुपीसाठी मी मागच्या पावसाचे पाणी बाटल्यांत राखून ठेवले होते. तेही शेवटी संपले.

अर्ध्या-पाऊण तासाने तिचे डोळे स्थिर झाले. तिने मान खाली करून छातीवरचे तांबडे कापड पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“आता लावलंस?” ती म्हणाली.

गणू हसला, त्याला वाटले, आक्का थट्टा करण्याइतकी शुद्धीवर आली. कदाचित तसेच असेल. मी कळशी घेऊन विहिरीकडे गेलो, आणि भरलेली कळशी घेऊन बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

ती वाचली. परंतु पाटी घेऊन सडा पुन्हा कधी चढली नाही. थोडे चालले की तिला भोवळ येई. ती गावच्या बाजारात झावळ्यांच्या मांडवाखाली बसू लागली, आणि वाडीतली तिची घरे दुसऱ्या बायकांनी वाटून घेतली.

पाचव्या दिवशी ग्रामदेवतेच्या देवळात गावाने गाऱ्हाणे घातले. मी नेहमीप्रमाणे सर्वांच्या मागे, खांबाआड उभा होतो. वृद्ध गावकारांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, नारळ हातात घेऊन देवाला हाक घातली. पोराढोरांचे, होड्यांचे, आंब्या-काजूचे रक्षण कर म्हणाले; वारा फिरव म्हणाले; प्रत्येक वाक्याला सारा गाव “व्हय म्हाराजा!” म्हणत होता. मग त्यांना कोणाची आठवण झाली कोण जाणे. “आनी आमच्या ह्या वाऱ्याच्या हापिसात काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा!”

काही लोक हसले. “व्हय म्हाराजा!” झाले. आणि तो आवाज विरल्यावर, एकटाच, मी म्हणालो, “व्हय म्हाराजा.” सगळ्यांनी वळून पाहिले. चार माणसांत स्वतःहून तोंड उघडण्याची ती माझी पहिली वेळ.

वारा दुसऱ्या दिवशी अकराला उलटला. त्याचे श्रेय देवाला की ऋतूला, याविषयी मी मत देणार नाही. माझ्या मतांचे मूल्य मला कळून चुकले होते.

राहिला प्रश्न खऱ्या आकड्याचा. मी गणूला विचारले, “त्या दिवशी सकाळी तुझी भाजवळ धगधगत होती ना?”

“खंयची धग, मास्तर? आदल्या सांजेकच इजली. सकाळी नुसतो धूर.”

त्याची बायको दारातूनच कडाडली, “खोटा सांगता तो! सकाळी राख पसारताना माझे पाय भाजले, ते काय धुरान?”

“तुझे पाय कातळार भाजले.”

“माका माझे पाय कळनत नाय?”

दोघे बराच वेळ भांडत राहिले आणि मी परत आलो. पावसाळ्यानंतर वरचे अधिकारी तपासणीस आले. त्यांनी वही पाहिली, रेघेखालचा आकडा वाचला, वरचा वाचला. मी सर्व सांगितले. पंचा तेवढा सांगितला नाही. ते म्हणाले, “उत्तरेच्या केंद्रावर त्या सकाळी तुमच्या खोडलेल्या आकड्याहूनही जास्त होते. दक्षिणेच्या केंद्रावर तुमच्या दुरुस्तीहूनही कमी.”

“मग माझा कोणता धरायचा?”

“दोन्ही वाचता येतात ना? मग झाले,” ते म्हणाले, आणि चहा घेऊन निघून गेले.

हे सारे मी एकदा बाजारात भागीआक्कापाशी बसून कबूल केले. भाजवळ, तार, रेघ, दोन अंश. ती पाटीतल्या बांगड्यांवरच्या माश्या हाकीत ऐकत होती.

“म्हंजे तुका कळला नाय,” ती म्हणाली.

“नाही कळले. अजूनही कळत नाही.”

“कळाक नाय तर लावचो. तुझो आकडो खरो काय खोटो, माका काय करूचो? तुका भिया वाटला, लाव. म्हावरा कुजात, कुजांदे. दुसऱ्या दिसाक दर्यात नवीन आसता.” मग माझ्याकडे न पाहताच तिने दोन बांगडे पानात बांधून माझ्या हातात ठेवले. “जा. हयसर सावळी थोडी आसा, गिऱ्हायकाक होयी.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत पंचा फार वेळा लागला. इतका की गावात म्हण पडली: मास्तराक हीव भरला तरी तो पंचो लावता. अनेकदा वारा वेळेवर उलटला, दुपार सुखाची गेली आणि मी खोटा पडलो. नव्या बायका कुरकुरत. मी ऐकून घेत असे.

निवृत्त झालो तेव्हा केंद्र ताब्यात घेण्यास आलेला निरीक्षक हुशार, विज्ञानाचा पदवीधर होता. आम्ही यादीवरून एकेक वस्तू मोजली: तापमापके चार, पर्जन्यमापक एक, वाऱ्याचा बाण एक. यादीच्या तळाशी माझ्या अक्षरात एक ओळ होती, ती त्याने दोनदा वाचली.

“तांबडा पंचा, एक. हे काय आहे, साहेब?”

मी त्याला कुंपणाचा खांब दाखवला आणि किनारा दाखवला. त्याने लक्ष देऊन ऐकले आणि खिशातून पेन्सिल काढली.

“म्हणजे किती अंशांवर लावायचा?”

सोळा वर्षांत मला विचारलेला तो सर्वांत योग्य प्रश्न होता.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. “ठाऊक नसेल तेव्हा लावा.”

त्याने पेन्सिल परत खिशात ठेवली. मी पंच्याची घडी उलगडून दाखवली. उन्हाने तो जवळजवळ गुलाबी झाला होता. नवा आणावा लागेल, एवढे मात्र मी त्याला खात्रीने सांगितले.